रोजच्या वाटेवरचे फोटो: छोटा मिररलेस कॅमेरा कोण कोण वापरतं?

मंडईकर
फोटोग्राफीवरचे धागे बहुतेकदा ताडोबाचा वाघ, कासच्या पठारावरची फुलं नाहीतर लडाखचं आकाश यांच्याभोवती फिरतात. ते फोटो मलाही आवडतात. हा धागा मात्र ऑफिसच्या वाटेवर, भाजी आणायला जाताना, शाळेच्या फाटकापाशी मुलांची वाट बघताना काढलेल्या फोटोंसाठी आहे. असे फोटो काढायचे तर कॅमेरा सतत बरोबर हवा, आणि सतत बरोबर राहायचा तर तो लहान हवा. म्हणून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे.

माझ्याकडे ओलिंपसचा ई-एम १० मार्क २ आहे. २०१५ सालचं मॉडेल, वापरलेला घेतला. त्यावर पॅनासॉनिकची २० मिमी एफ १.७ ही चपटी लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). बॅटरी आणि कार्ड धरून सगळं वजन अर्ध्या किलोच्या आत, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सहज मावतं. या लेन्सचा फोकस सावकाश लागतो आणि मोटर कुरकुरते, हे आधीच सांगतो. धावत्या पोरांसाठी ही लेन्स घेऊ नका. पण ती जे बघते ते मला फार आवडतं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून पूर्ण फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात ती ४० मिमी होते, म्हणजे फार रुंद नाही, फार अरुंद नाही. रस्त्याच्या या कडेला उभं राहून समोरचं दुकान मालकासकट मावतं.

आमची पुण्यातली महात्मा फुले मंडई १८८६ ची. मधोमध अष्टकोनी मनोरा, खाली गाळे. सकाळी बाहेरून तिरका उजेड आत शिरतो आणि गाळ्यांवर पिवळे दिवे चालू असतात. एकाच चेहऱ्याची एक बाजू निळसर, दुसरी पिवळी. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग स्वतःच ठरवणारी सोय, दोन्हींच्या मधलं काहीतरी काढतो आणि दोन्ही रंग मरतात. मी तो 'ऊन' या खुणेवर ठेवून देतो. दिवे पिवळेच राहतात, भेंडी हिरवीच राहते, आणि मंडईत शिरल्यावर डोळ्यांना जसं वाटतं तसं फोटोत उतरतं.

तिथून चालत कसब्यातल्या तांबट आळीत जातो. कुठल्या दारात काम चालू आहे ते ठोक्यांवरून कळतं. मठारकाम, म्हणजे भांडं ठोकून घडवण्याचं काम, करताना कारागीर घागर फिरवत फिरवत एकेक ठोका घालतात. शटर १/५०० सेकंद ठेवलं तर हातोडा हवेत थांबतो. १/३० ठेवलं तर हात आणि हातोडा वाहतात, घागर मात्र स्थिर राहते, कारण या कॅमेऱ्यात सेन्सरच हलून हाताची थरथर सांभाळतो. मला दुसरा प्रकार जास्त खरा वाटतो. ठोका कळतो त्यात.

तुम्ही काय वापरता, कुठे काढता, ते लिहा. कॅमेऱ्यांची तुलना नकोच असं नाही, पण फोटो कशाचे काढता ते आधी सांगा.

आठबेचाळीस
माझी रोजची वाट म्हणजे लोकलचा लेडीज डबा. सोनीचा ए ६००० आहे, २०१४ चा. आता जुना म्हणतात त्याला, पण २४ मेगापिक्सेल आणि पटकन लागणारा फोकस, मला पुरतं.

संध्याकाळी डब्यात बायका मांडीवर पिशवी ठेवून मेथी निवडतात, मटार सोलतात, गजरा अर्धा कापून शेजारणीला देतात. मला हातांचे फोटो काढायला आवडतात. आधी विचारते. रोजच्या गाडीत रोजच्याच बायका असतात, त्यामुळे आता त्याच सांगतात की आज हिच्या हातावर मेंदी आहे, हिचा काढ. चेहरे घेत नाही. कुणी स्वतःहून म्हटलं तरच घेते, आणि तो फोटो तिला पाठवल्याशिवाय कुठेही टाकत नाही.

एक तांत्रिक गोष्ट. ज्यांच्या कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर आहे त्यांनी ते धावत्या गाडीच्या खिडकीतून वापरू नये. सेन्सर एकेक ओळ करून वरून खाली वाचला जातो. शेवटची ओळ वाचेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, म्हणून बाहेरचे विजेचे खांब तिरके येतात. साधं मेकॅनिकल शटर लावलं की खांब सरळ.

सरळरेषा
धागा छान. पण एक शंका मनापासून विचारतो. आजच्या फोनमध्ये एका दाबात बऱ्याच फ्रेम घेऊन एकत्र केल्या जातात, सावलीही दिसते, आकाशही पांढरं पडत नाही. फोन खिशात असतोच. मग रोजच्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा का वागवायचा? मी डीएसएलआर (आरशाचा मोठा कॅमेरा) विकला आणि मला चुकल्यासारखं वाटत नाही.

मंडईकर
@सरळरेषा, शंका रास्त आहे. फोनवर समाधान असेल तर कॅमेरा घ्यायची काही गरज नाही, हे मी मित्रांनाही सांगतो.

मला फरक पडतो तो तीन ठिकाणी. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमी इतका रुंद बघतो. माणूस फ्रेममध्ये मोठा यावा म्हणून जवळ गेलं की नाक पुढे येतं आणि कान मागे जातात. दुसरं म्हणजे सेन्सर. फोनमधला एक इंची म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा असतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्याहून लहानच. माझ्या कॅमेऱ्यातला, मायक्रो फोर थर्ड्स प्रकारचा, १७.३ × १३ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट. मिररलेसमधल्या सेन्सरांत हा लहान धरतात, तरी मंडईतल्या अंधारात एका फ्रेममध्ये जे मिळतं ते मला अनेक फ्रेमांच्या सारवलेल्या चित्रापेक्षा आवडतं. सावली सावलीसारखी काळी राहते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की बाकीचं जग बंद होतं. फोन काढला की त्यावर मेसेज असतो, ऑफिसचा मेल असतो. कॅमेऱ्यात फक्त समोरचं दृश्य असतं. दिवसातली ती पंधरा मिनिटं मी दुसऱ्या कशालाही देत नाही.

सरळरेषा
तिसरा मुद्दा पटला. पहिले दोन पुढचा फोन सोडवेल असं माझं मत कायम आहे.

समुद्रकाठ
रत्नागिरीकडून नमस्कार. इकडे कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस नाही, पावसानंतरची दमट हवा. लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसायला लागतात. वेळेत साफ केली तर काच वाचते. फार दिवस राहिली तर ती काचेवरचा लेप खाते आणि मग साफ करूनही खूण जात नाही.

इकडे लोक कॅमेरा जपायचा म्हणून चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवतात. चामडं ओल धरून ठेवतं, त्यात अंधार, बुरशीला आणखी काय हवं? घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेल, आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असू द्या. अगदी कोरडंही नको, लेन्समधलं वंगण सुकतं. नारिंगी दाण्यांचं सिलिका जेल ओल पिऊन हिरवं झालं की मंद आचेवर कढईत परतायचं, पुन्हा नारिंगी होतं. त्या कढईत नंतर स्वयंपाक मात्र करू नका. निळं सिलिका जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं.

आणि सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरणं. उजेडात आणि हवेत फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. मी रोज संध्याकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर जातो. लाँच लागते, टोपल्या उतरतात, लिलाव सुरू होतो. परत आल्यावर कॅमेरा आधी किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसतो, कारण खारा वारा डायलच्या फटींत मीठ ठेवून जातो.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर वाफ धरते. पिशवीतच राहू द्या, थोड्या वेळाने काढा.

मंडईकर
@समुद्रकाठ, हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. लिलावाचे फोटो टाका ना.

वऱ्हाडी_ऊन
आमच्याकडे उलटं. मे महिन्यात नागपुरात दुपारी मागच्या स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून विदर्भातल्या माणसाने व्ह्यूफाइंडर नसलेला मिररलेस घेऊ नये. कॅनन आर ५० घ्या, निकॉन झेड एफसी घ्या, काहीही घ्या, डोळा लावायला जागा असू द्या.

मिररलेसची खरी मजा मला कळली ती एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते ठरवण्यात. कॅमेऱ्याचा मीटर जे दिसेल त्याला मधल्या करड्या रंगाकडे ओढतो. पांढरं धोतर नेसलेले आजोबा पांढऱ्या भिंतीपाशी बसलेत तर फोटो मळकट येतो. काळी म्हैस पूर्ण फ्रेममध्ये घेतली तर ती राखाडी होते. पूर्वी हे घरी येऊन कळायचं. इथे व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो काढायच्या आधीच दिसतं. अंगठ्याखालची चकती फिरवायची, धोतराला अधिक एक, म्हशीला उणे एक, आणि डोळ्याला पटलं की बटण दाबायचं. शिकवायची गरज उरत नाही. माझी पुतणी आठवीत आहे, तिला शटर-अपर्चर काही सांगितलं नाही, फक्त ती चकती दाखवली. आता ती माझ्याहून चांगले फोटो काढते.

उन्हात काढायचंच असेल तर माणसाला ओसरीत बसवा, किंवा कडुनिंबाच्या सावलीच्या अगदी कडेला. समोरच्या अंगणातून परतून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो. त्यासारखा उजेड स्टुडिओत मिळत नाही.

वाचते_आहे
नमस्कार. मी आजवर फक्त वाचत होते. आता बाळ झालंय आणि घरातले फोटो काढायला छोटा मिररलेस घ्यायचा विचार आहे. नवीन महाग वाटतात. वापरलेला घ्यावा का? आणि बरोबर मिळणारी किट लेन्स पुरेल का?

काचवेडा
अभिनंदन! वापरलेला जरूर घ्या. पण भेटून, हातात घेऊन, दिवसाउजेडी. मी हे बघतो:

लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार मारायचा. बुरशी असेल तर लगेच दिसते. धुळीचे चार कण असले तर घाबरू नका, त्याने फोटोत काही होत नाही. मग लेन्स लावून एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करायचा. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. ठिपके फुंकणीने गेले तर ठीक, न गेले तर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार बसतात. बॅटरी टेबलावर ठेवून बघा, फुगलेली असेल तर डुगडुगते. मूळ बिल मागा.

किट लेन्सबद्दल. दिवसा उत्तम. पण घरात संध्याकाळी ट्यूबलाइटखाली रांगणारं बाळ म्हणजे निदान १/१२५ शटर हवं, आणि किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर जाते. एफ १.८ ची एक लेन्स तिच्यापेक्षा तीन स्टॉपहून जास्त उजेड घेते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). म्हणजे जिथे किटला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागेल तिथे हिला ८०० च्याही खाली चालतं. त्यामुळे बॉडीवर थोडे कमी खर्च करा आणि उरलेल्यात अशी एक उघडी, जास्त उजेड घेणारी लेन्स घ्या. बाळासाठी डोळा ओळखून फोकस करणारा कॅमेरा बघा. @मंडईकर यांची २० मिमी देखणी आहे, पण त्यांनीच सांगितलंय, पळत्या पोरांसाठी नाही.

आता थोडं माझ्या वेडाबद्दल. आमच्या घरी वडिलांचा झेनिट कॅमेरा होता, त्यावरची हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ २. रशियन लेन्स, एम ४२ चुडीची, म्हणजे आटे फिरवून बसवायची. ती मी आज मिररलेसवर वापरतो. हे जमतं कसं ते ऐका. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागायची, म्हणून एम ४२ चं अंतर ४५.४६ मिमी. मिररलेसमध्ये आरसाच नाही, सोनी ई माउंटचं अंतर फक्त १८ मिमी. मधले २७ मिमी भरून काढणारी एक पोकळ नळी, म्हणजे अडॅप्टर, लावली की जुनी लेन्स अनंतापर्यंत फोकस करते. त्यात काच नसते, इलेक्ट्रॉनिक्स नसतं, म्हणून स्वस्त. फोकस हाताने, पण जिथे फोकस लागतो तिथल्या कडा कॅमेरा रंगाने दाखवतो. ज्या काचेतून वडिलांनी माझे फोटो काढले तिच्यातून मी आता त्यांचे काढतो. त्यांना कॅमेऱ्यात काही रस उरला नाही, पण ती लेन्स दिसली की ते नीट बसतात.

आठबेचाळीस
@काचवेडा, शेवटची दोन वाक्यं वाचून बाबांना फोन केला.

एडिंबराकर
इकडे डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसात जाताना अंधुक, येताना काळोख. पहिल्या हिवाळ्यात मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला होता. मग साताऱ्याहून आई म्हणाली, तुझ्या तिकडच्या राजवाड्याचे, किल्ल्याचे फोटो पुष्कळ बघितले, तू भाजी कुठून आणतेस ते दाखव.

तेव्हापासून दर आठवड्याला तिच्यासाठी काढते. बसथांबा, धुतलेले कपडे रेडिएटरवर वाळत घातलेले, भारतीय दुकानातल्या कढीपत्त्याच्या पुड्या, वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंची मांजर. कॅमेरा फुजीचा एक्स-ई ४ आणि २७ मिमी एफ २.८ ची चपटी लेन्स, कोटाच्या खिशात जाते. ओल्या दगडी रस्त्यावर दिव्यांचा उजेड पसरतो तेव्हा अंधार असूनही पुष्कळ दिसतं. कॅमेऱ्यातलेच क्लासिक क्रोम रंग ठेवते, जेपेग थेट वायफायने फोनवर घेते आणि तिला पाठवते. कॉम्प्युटरवर बसून रंग ठीक करत बसले असते तर हे कधीच टिकलं नसतं. @सरळरेषा, फोनने हेच करता आलं असतं, मान्य. पण कॅमेरा घेऊन निघाले की मी घराबाहेर पडते. इथल्या हिवाळ्यात ते फार महत्त्वाचं आहे.

तिचा सगळ्यांत आवडता फोटो आमच्या फ्रिजच्या आतला. त्यात दुधाच्या बाटल्यांमागे तिने दिलेलं लोणचं दिसतं.

सरळरेषा
@एडिंबराकर, आता यावर मी काय बोलणार! अशा फोटोंचा वेगळा धागा काढा.

गल्लीबोळ
परवानगीचा विषय आठबेचाळीस यांनी काढलाय तर थोडं लिहितो. छोटा कॅमेरा लपवता येतो म्हणून लपून काढायचा, हा सल्ला इंटरनेटवर फार दिसतो. मला तो अजिबात मान्य नाही. लहान कॅमेऱ्याचा फायदा असा की समोरचा माणूस दबत नाही. मोठी लेन्स रोखली की लोक विचारतात, कुठल्या पेपरातून आलात? छोटा दिसला की विचारतात, कितीला घेतला? बोलणं तिथून सुरू होतं.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले ते पाहा. त्या माणसांमध्ये वावरल्याशिवाय ते निघूच शकत नाहीत. आपण तेवढं करू शकणार नाही, पण चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसून, चहा पिऊन, मग विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणाले तर नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो मी आईवडील शेजारी असल्याशिवाय काढत नाही, आणि नेटवर तर टाकतच नाही.

जाता जाता एक माहिती, गणपती येतायत म्हणून. मंडपातल्या दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात, तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. काही एलईडी वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, तिथे कॅमेऱ्यात अँटीफ्लिकर (लुकलुक टाळणारी सोय) असेल तर लावून बघा.

वाचते_आहे
सगळ्यांचे खूप आभार. काचवेडा यांनी सांगितलेलं सगळं तपासून वापरलेला ई-एम १० मार्क २ च घेतला, वर ओलिंपसची १७ मिमी एफ १.८. फोकस पटकन लागतो. बाळाचे पाय, आजीच्या मांडीवरची झोप, दुपटी वाळत घातलेली गच्ची, असं चाललंय.

एक अडचण. काही फोटो ४ × ६ इंचात छापायला दिले तर वरखालून कापून आले. एका फोटोत आजीच्या कपाळावरचं कुंकूच गेलं. असं का होतं?

मंडईकर
या कॅमेऱ्याचा फोटो ४:३ या प्रमाणात असतो आणि ४ × ६ चा कागद ३:२ प्रमाणात. सहा इंच रुंदी पूर्ण भरायची तर उंची साडेचार इंच लागते. कागद चारच इंचांचा, म्हणून वरखालचा मिळून अर्धा इंच मशीन कापून टाकतं. लॅबवाल्यांना साडेचार बाय सहाचा कागद आहे का विचारा. नसेल तर 'पूर्ण फोटो बसवा, कडेला पांढरं राहिलं तरी चालेल' असं सांगा. मोठा प्रिंट करायचा असेल तर १६ मेगापिक्सेलमधून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १५ × ११ इंच निघतो, तोही नीट.

कुंकू गेलेला फोटो परत छापून घ्या. त्याचे पैसे वाया गेले असं समजू नका.

वाचते_आहे
उद्याच जाते. आजींना तोच फोटो हवा आहे, दोन प्रती, एक त्यांच्या बहिणीला मिरजेला पाठवायला.